दारातली पेटी

मास्तर माणसाकडे किस्से साठतात ते वर्गातले, असा लोकांचा समज आहे. आमचे साठले ते निवडणुकांतले. तळेगावच्या शाळेत आम्ही पाच जण शिकवत होतो आणि इंग्रजी अमलातल्या लोकल बोर्डाची निवडणूक आली की पाचही जणांना मतदानाच्या कामाला जुंपत. आजही एकत्र जमलो की कुणीतरी म्हणतो, "ते उर्शाचे आबा आठवतात का?" आणि चहा निवून जातो.

आमच्या शाळेतल्या केंद्राचे मुख्य होते लोणावळ्याचे रावसाहेब. रेल्वेत स्टेशनमास्तर होते, नुकतेच रिटायर झालेले. मतदार कमी येतात याचं या माणसाला मनापासून वाईट वाटे. त्यांचा सिद्धान्त एकच होता, "पॅसेंजरची सोय करा, पॅसेंजर आपोआप वाढतो." म्हणून त्यांनी व्हरांड्यात बाकं मांडली, पाण्याचे माठ भरले आणि मतदान सुरू होताना शाळेची घंटा द्यायला लावली. घंटा ऐकून आमच्याच शाळेतली दोन पोरं दप्तर घेऊन हजर झाली.

*

तेव्हा लिहिता न येणाऱ्या मतदारानं उमेदवाराचं नाव हळूच सांगायचं आणि आम्ही खूण करायची, अशी सोय होती. सोमाटण्याचे एक शेतकरी माझ्यासमोर उभे राहिले. मत कुणाला, मी विचारलं.

"दोघांचंबी लिवा."

एकालाच देता येतं, असं मी समजावलं.

"मग ऱ्हाऊ द्या. दोघंबी आमच्या वसरीवर येऊन बसून गेल्यात," असं म्हणून ते माठातलं पाणी पिऊन निघून गेले.

*

पुढच्या खेपेला रंगीत पेट्या आल्या. प्रत्येक उमेदवाराचा रंग वेगळा, त्यामुळे कुणाला काही सांगायलाच नको. रावसाहेब खूश झाले. एक गृहस्थ पडद्याआड गेले ते बाहेरच येईनात. आतून नुसती खुडबुड ऐकू येत होती. शेवटी बाहेर आले, तेव्हा काय करत होता म्हणून रावसाहेबांनी विचारलं.

"पेट्या उचलून बघितल्या. हिरवी लय हलकी लागली, तिच्यात टाकलं. त्या बिचाऱ्याचं तरी कोन हाय?"

संध्याकाळपर्यंत मी त्या हिरव्या पेटीकडे मायेनं बघत होतो.

*

मग उमेदवारांनी मोटारलॉऱ्या सोडल्या. उर्शाचे आबा आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसले ते त्या दिवशी. येताना तांबड्या पेटीवाल्याच्या लॉरीतून आले. कुणाचं मन दुखवायला नको म्हणून जाताना हिरव्याच्या लॉरीत बसले. लॉरी सुटता सुटता मी ओरडून विचारलं, "आबा, मत दिलंत का?"

आबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि लॉरी गेली.

*

या सगळ्यांत दोन म्हाताऱ्या मात्र दर निवडणुकीला न चुकता येत. उर्शाच्या गंगूमावशी आणि शिरगावच्या सोनामावशी. दोघी विधवा, जमिनी त्यांच्या नावावर, म्हणून त्या वेळच्या नियमानं मताचा हक्क. लॉरीत त्या कधी बसल्या नाहीत. अनवाणी चालत येत, सकाळीच मत देत आणि दिवस मावळेपर्यंत शाळेच्या चिंचेखाली बसून राहत. चालून थकतात बिचाऱ्या, असं मला वाटे. मला त्यांची फार दया आली. मी रावसाहेबांच्या मागे लागलो, त्यांनी अर्जांवर अर्ज केले आणि पुढच्या खेपेला उर्शासाठी उर्शातच केंद्र मंजूर झालं. तिथं बसायला मोठ्या हौसेनं मीच गेलो.

*

रंगीत पेट्या जाऊन पुन्हा एकच पेटी आली होती. केंद्र चावडीत होतं आणि गंगूमावशींचं घर चावडीसमोर. वीस पावलं मोजून घ्या. सकाळपासून मी वाट बघतोय. जो तो म्हणे, "दारातच हाय की मास्तर, येतो दुपारनं." दुपारी सगळे रानात. उर्शाचे इतके कमी लोक मी कुठल्याच निवडणुकीत पाहिले नव्हते.

गंगूमावशी त्यांच्या ओट्यावर बसून नुसत्या पेटीकडे बघत होत्या. उठायला तयार नाहीत. शेवटी मी पाटलांना विचारलं, तेव्हा कळलं. सोनामावशी त्यांची सख्खी बहीण. ओढ्याच्या पाण्यावरून दोन्ही घरांत वितुष्ट आलेलं, मुलांनी येणंजाणं तोडलेलं. मतदान हे सरकारी काम, त्याला मात्र मुलगा अडवू शकत नसे. म्हणजे बहिणींची भेट व्हायची ती निवडणुकीच्या निवडणुकीला, आमच्या चिंचेखाली. आज सकाळी गंगूमावशी निघाल्या, तर मुलगा म्हणाला होता, पेटी दारात असताना कुठं चाललीस?

मला स्वतःची अशी लाज वाटली की सांगता सोय नाही. शिरगावचं केंद्र अजून तळेगावलाच होतं. सोनामावशी तिथं सकाळपासून बसलेल्या असणार. मी ओट्यापाशी गेलो.

मावशींनीच विचारलं, "मास्तर, पेटी रातभर हितंच ऱ्हानार?"

"नाही. मतदान संपलं की बैलगाडीतून तळेगावला न्यायची."

मावशी उठल्या. वीस पावलं चालत आल्या, मत टाकलं आणि पेटीशेजारी बसून राहिल्या. पेटीला सील लागलं, गाडी जुंपली, तशा पदर खोचून गाडीत चढल्या. मुलगा धावत आला.

"आये, तू कुटं?"

"माजं मत हाय तिच्यात. नीट पोचतंय का बघाया नको?"

मुलानं माझ्याकडे बघितलं. मी तोंड गंभीर करून म्हणालो, "सरकारी काम आहे."

तळेगावला पोचलो तेव्हा उन्हं चिंचेच्या शेंड्यावर गेली होती. सोनामावशी खाली बसलेल्या होत्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले ते सोडलेच नाहीत. रावसाहेब लगबगीनं बाहेर आले आणि गंगूमावशींना पाहून त्यांचा चेहरा पडला.

"अहो मावशी, तुमच्या सोयीसाठीच पेटी गावात ठेवली होती ना?"

"व्हय, लय सोय झाली," गंगूमावशी म्हणाल्या. "औंदा गाडीतनं आले."