नुसता भाव विचारला

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. बाबांच्या नोकरीपायी चंद्रपुरात राहत होतो. एकदा चामोर्शीच्या बाजारात जंगलाकडची एक बाई उरलेल्या चारोळीचं गाठोडं बांधून घरी निघाली होती. मी चारोळीचा भाव विचारला. तिने डोक्यावरचं गाठोडं उतरवलं, गाठ सोडली आणि मूठभर चारोळी माझ्या हातावर ठेवली. ती खाऊन मी म्हटलं, “नुसता भाव विचारला.”

बाबा चिडले. “घ्यायचं नसेल तर भाव विचारून विकणाऱ्याला खोटी आशा लावू नये. आपला धर्म आहे हा.”

एवढ्याशा गोष्टीत धर्म कशाला, म्हणून मीही फुरंगटले. बाबा ओशाळून पावशेर मागायला लागले. बाई पुन्हा गाठ मारत म्हणाली, “पाह्यजे नाई तं काऊन घेता, भाऊ? पोरीले गोड लागली, झालं.”

गोड लागली, हे मी तिला सांगितलंही नव्हतं.