व्हॉल्व्ह त्यांच्या गल्लीत

मी लिहावं की नाही, कळत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शब्द कमी पडले तर माफ करा.

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात, जिथं मी शिकतो, एका काकांकडे रविवारचं जेवण होतं. मराठी विद्यार्थ्यांना ते आवर्जून बोलवायचे. मी आरिफला सोबत नेलं. आरिफ माझा हाउसमेट, पाकिस्तानातल्या सिंधचा. नदी समुद्राला मिळते तिथलं त्याचं गाव. वरून नदीचं पाणी आलं नाही की समुद्र आत शिरतो, प्यायचं तळं खारं होतं, असं तो सांगायचा.

टीव्हीवर दोन देशांच्या पाण्याचीच बातमी चालली होती. काका म्हणाले, "टॅप बंद करा, सिम्पल! आठ दिवसांत गुडघ्यावर येतील. नो ऑफेन्स हं, आरिफ!"

सगळे हसले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

हो, मीही. वर्षभर त्या घरात मी आडनावाच्या जागी वडिलांचं नाव सांगत होतो. पुढ्यातलं ताट जाऊ नये म्हणून.

आरिफनं माझ्या हातांकडे पाहिलं. फक्त हातांकडे.

आठ दिवस. आमच्या गावात नळाचा व्हॉल्व्ह वरच्या गल्लीत होता. एका वर्षी आम्ही जयंतीची मिरवणूक त्या गल्लीतून नेली. त्यांनी आमच्या वस्तीचं पाणी आठ दिवस बंद केलं. आई ओढ्यात खड्डा करून वाटीवाटीनं भरायची. ते पाणी पिऊन धाकटी बहीण आजारी पडली. वाचली नाही.

मी उठलो. खरं आडनाव सांगितलं. वस्ती सांगितली. बहिणीचं सांगितलं. "आठ दिवसांत माणसं गुडघ्यावर येत नाहीत, काका. मरतात."

काका हसले. "अच्छा! तरीच तुला यांचा एवढा पुळका."

काकूंनी माझ्यासमोरचा स्टीलचा पेला उचलला. कागदी कप आणून ठेवला. "हा घे रे. वाटेत प्यायला बरा."

कप भरलेला तसाच ठेवून आम्ही निघालो.

बसमध्ये आरिफ एवढंच म्हणाला, "तू भी, यार?"

पुढच्याच आठवड्यात अम्मी आजारी म्हणून तो घरी गेला. परत आला नाही. मी मेसेज पाठवला: टाळ्या मी वाजवल्या, माफ कर. उत्तर नाही. महिने गेले.

मी प्रबंधाचा विषय बदलला. नदीच्या शेवटच्या गावांवर लिहितोय, सीमेच्या दोन्हीकडच्या. गाइड म्हणाले, जपून. मी पहिल्या पानावर पूर्ण नाव टाकलंय, आडनावासकट. कुणाचंही पाणी तोडायचं म्हटलं तर हे हात आता वाजणार नाहीत. समोर कुणीही बसलेलं असो.

परवा आरिफचा मेसेज आला. अम्मी गेली. तळं खारं झालं. गाव उठून गेलं. शेवटच्या ओळीत लिहिलंय, ज्यांचं पाणी तोडायचं, असं आता तिथं कुणीच उरलेलं नाही.