तीन त्सुबोंची खोली

सिंदेवाहीतले आमचे शेजारी भाऊ भाड्याने ट्रॅक्टर चालवतात आणि सगळं जग नांगरटीच्या हिशेबाने पाहतात. त्यांच्या लेखी लग्न पाच गुंठ्यांचं असतं, दवाखाना दीड एकराचा.

त्यांची लेक जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. परवा तिचा फोन आला. तीन त्सुबोंची खोली मिळत होती आणि घरमालकाला त्याच दिवशी कळवायचं होतं. तीन म्हणजे खुराडंच असणार, म्हणून वहिनी हो म्हणू देईनात. भाऊ तडक माझ्याकडे आले.

"बाई, हे त्सुबो फुटात करून द्या. पोरगी मावते का नाई, पाहू."

एक त्सुबो साधारण साडेपस्तीस चौरस फुटांचा. मी दहा बाय साडेदहा सांगितलं. भाऊंनी लगेच अंगणात चुन्याच्या फक्कीने चौकोन आखला, दाराची जागा सोडली, आत खाट टाकली, शेगडी मांडली आणि हात पसरून गोल फिरले.

वहिनी तरातरा रेघ ओलांडून आत आल्या.

"भिंतीतून काऊन येऊन राह्यली? दार तिकडे आहे."

"मोठे आले घरमालक," म्हणत वहिनी मागे फिरल्या आणि दारातून आल्या. खाटेवर बसून त्यांनी चारही बाजू पाहिल्या.

"खिडकी असन तर हो म्हना तिले."

खिडकी होती. खाट आणि शेगडी घरात परत गेली, रेघ मात्र भाऊंनी पुसू दिली नाही. आता लेकीचा फोन आला की ते अंगणात येतात, चपला दाराबाहेर काढतात आणि आत बसून बोलतात.