तळाच्या मशीनचा निळा दिवा

आमच्या घरी कोणी ठेचकाळलं तरी सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळतात, आणि मी बाजूला उभी राहून हसते. त्यामुळे "तू आणि असले अनुभव लिहितेस?" असं माझ्या ओळखीचे लोक विचारतील हे मला माहीत आहे. विचारा. मी अजूनही भूतखेत मानत नाही. पण गेल्या दसऱ्याला जे झालं ते लपवून ठेवणंही मला जमत नाहीये...

मी नवीन पनवेलला राहते. एका छोट्या कंपनीचे सर्व्हर सांभाळते, तेही बहुतेक घरूनच. सर्व्हर-रूम पनवेलच्या बाहेर, एका औद्योगिक वसाहतीत आहे. तिथे प्रत्यक्ष हात लावायला म्हात्रेकाका — जवळच्या गव्हाण गावचे, वय साठीला टेकलेलं. केबल ओढणं, डिस्क बदलणं, सगळं त्यांच्याकडे.

थोडं तांत्रिक सांगते, कंटाळू नका. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात आणखी एक चिमुकला, स्वतंत्र कॉम्प्युटर असतो. मोठं मशीन बंद असलं तरी हा जागा असतो. प्लगला वीज असली की झालं. त्याच्यामुळे मला घरबसल्या मशीनचं तापमान दिसतं, ते चालू-बंद करता येतं. आणि मशीनच्या पुढून-मागून दिसणारा एक निळा दिवा लावता येतो. रूममध्ये चाळीस सारखी मशीन्स, त्यातलं नेमकं कुठलं ते काकांना कळावं म्हणून मी इथून दिवा लावायचा. काका तो शोधणार आणि मशीनवरचं बटन दोनदा दाबणार. माझ्या स्क्रीनवर दिवा बंद-चालू झाला की समजायचं, सापडलं. वर फोनवर "ताय, गावली" हे असायचंच. सात वर्षं आमचं हे असं चाललंय.

दसऱ्याला सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे यंत्रांची पूजा केली. हळद-कुंकू, आपट्याची पानं, प्रत्येक रॅकला झेंडूची माळ. मला फोटो पाठवला. एका रॅकच्या तळाशी एक जुनं मशीन होतं, ते आम्ही दोन आठवड्यांपूर्वीच निवृत्त केलेलं. काकांनी त्यालाही माळ घातली होती. "धा वर्सं राबलाय तो, त्याचा मान नको?" म्हणाले. मला गंमत वाटली. माळा मशीनच्या तोंडावर, हवा आत जाते त्या जाळीवर बांधल्यात हे फोटोत स्पष्ट दिसत होतं, आणि मी शहाणी "वा, छान" म्हणून मोकळी झाले.

दोनच्या सुमारास अलार्म सुरू झाले. पंख्यांनी माळा आत खेचून घेतल्या होत्या, हवा अडली होती, तापमान चढत होतं. काका तोवर मोटरसायकलवरून गव्हाणच्या वाटेला लागलेले. मी फोन केला.

"काका, माळा काढायला हव्यात हो. परत जाल का? सणाच्या दिवशी त्रास देतेय..."

"जातो ना. काढतो आनि तसाच घरी जातो. मंग फोन नका करू, गाडीवर आसेन."

अर्ध्या तासात तापमान उतरलं. म्हणजे काम झालं, काका घरी निघाले — असं धरून मी लॅपटॉप बाजूला सारला आणि पुरी-श्रीखंड खायला बसले.

दुसरी पुरी संपली असेल, तेवढ्यात मोबाइलवर मेल आला. त्या जुन्या मशीनकडून. त्याचा निळा दिवा लागल्याची सूचना होती. माळ काढताना काकांचा हात लागला असेल म्हणून मी लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर त्या मशीनचं पान उघडलं, त्यावर लिहिलेलं : मशीन बंद, दिवा चालू. मी दिवा बंद केला. तो लागला. पुन्हा बंद केला. पुन्हा लागला.

आणि मग मला आठवलं. त्या मशीनच्या वीजपुरवठ्याच्या दोन्ही केबल्स आम्ही दोन आठवड्यांपूर्वी काढल्या होत्या. हे पान उघडणंच शक्य नव्हतं!

मी काकांना फोन लावला. रिंग जात होती, कोणी उचलेना. तीनदा लावला. मग गेटवरच्या इक्बालभाईंना.

"म्हात्रेकाका? ते तर गेले असतील ना, मॅडम... रुका, गाडी तर इथंच आहे."

"इक्बालभाई, आत जा. पळत जा!"

मी फोन कानाला धरून उभी होते. पंख्यांचा आवाज वाढला, मग इक्बालभाईंची हाक, मग नुसतं "या अल्लाह". काका रॅकच्या मागच्या अरुंद गल्लीत पडले होते. घामाने निथळत होते, शुद्ध अर्धवट होती. हार्ट अटॅक. इक्बालभाईंनी शेजारच्या गाळ्यातला टेम्पो थांबवला आणि त्यांना दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, थोडा जरी उशीर झाला असता तर हातात काही उरलं नसतं.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर मी इक्बालभाईंना विचारलं, मागे बघायचं कसं सुचलं? दारातून तर तो कोपरा दिसत नाही.

"मी दारातून आवाज देऊन परतच फिरत होतो. पण खाली निळी बत्ती लुकलुकत होती. म्हटलं, बघावं."

दुसऱ्या दिवशी मी आणि आमचे साहेब तिथे गेलो. दोन्ही केबल्स गुंडाळून, काकांच्या पद्धतीने दोरा बांधून मशीनवर ठेवलेल्या होत्या. नेटवर्कची वायर तेवढी जागेवर होती, पण तिच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्रातली नोंद सांगत होती की त्या वायरीवर दोन आठवडे काहीच जिवंत नव्हतं. साहेब म्हणाले, याचा नेटवर्कवरचा पत्ता दुसऱ्या मशीनला गेला असेल, तू त्याचंच पान पाहिलंस. मी आदल्या दिवशी सवयीने घेतलेला स्क्रीनशॉट दाखवला. त्यावरचा अनुक्रमांक आणि समोरच्या पत्र्यावरचा अनुक्रमांक एकच. मग आम्ही केबल जोडून त्या चिमुकल्या कॉम्प्युटरची स्वतःची नोंदवही उघडली. शेवटची नोंद : वीज गेली. तारीख आम्ही केबल काढल्या त्या दिवसाची. त्यानंतर एक ओळ नाही.

मला भीती वाटली नाही, खरंच नाही. त्या काळ्या पत्र्याच्या डब्यासमोर माझे हात आपोआप जोडले गेले आणि डोळ्यांत पाणी आलं. इतकं काहीतरी मोठं आपल्या शेजारून गेलं आणि आपल्याला त्याचं नावसुद्धा माहीत नाही, असं वाटत राहिलं. मेल अजून माझ्याकडे आहे. चार जाणत्या इंजिनिअरांना दाखवला. चौघांनी चार कारणं सांगितली आणि चारही कारणं त्यांची त्यांनीच खोडली.

काका वॉर्डात आल्यावर मी भेटायला गेले. म्हटलं, काका, बटन तुम्ही दाबलं होतं का?

"नाय वो. छातीन कळ आली नि आडवाच झालो. हात उचलत नव्हता, हाक निंगत नव्हती. पन बाजूला निळं निळं लागला... लागायचा, इझायचा. म्हटलं, ताय हाय तिथं. ताय सोधते मला. मंग घाबरलो नाय."

त्यांनी माझा हात हातात घेतला होता. काकू पलीकडे डोळे पुसत होत्या, "तुमच्यामुळं हायेत ते" म्हणत होत्या. मी नुसती मान डोलावली.

आज इथे पहिल्यांदा कबूल करते. दिवा मी लावला नव्हता. त्यांना सणाच्या दिवशी एकटं परत पाठवून मी जेवायला बसले होते, आणि दिवा दिसल्यावर मी तो दोनदा विझवला. मी विझवला, आणि कोणीतरी तो पुन्हा लावला. कोणी, ते मला अजून कळलेलं नाही. काकांना मात्र वाटतं, ती मी होते.