बुरुजावरच्या पानाची हळद

सांगोल्याकडच्या आमच्या गावात गढी म्हणावी असं आता काही उरलं नाही, पण एक बुरूज अजून उभा आहे. खाली काळा दगड, वर पांढरी माती. त्यातल्या एका दगडात कळंबाचं पान कोरलंय. कळंब हे आमच्या कुळाचं देवक. घरात लग्न निघालं की पानाखालच्या कोनाड्यात दिवा लावायचा, पहिली हळद पानाला लावायची आणि मग नवरदेवाला. नवरीला मात्र हा मान नाही. ती दुसऱ्या देवकाची होणार ना!

माझ्या भावाची लेक शिकायला सोलापुरात माझ्याकडेच होती. गेल्या वर्षी तिच्या लग्नात तिनं हट्टच धरला, पानाला माझी हळद लागली तरच मी अंगाला लावून घेईन. भावाचा मला फोन आला.

"तुझं ऐकती ती. ये आन् समजाव."

पहिल्या एसटीनं गेले, आणि समजवायला बोलावलेली मी तिच्याच शेजारी फतकल मारून बसले. भाऊ भडकला.

"लेकीची हळद बुरजाला लागत न्हाय. तुझी तरी लागली व्हती का?"

हे त्यानं विचारायला नको होतं. आमची दोघांची लग्नं एकाच मांडवात झाली. हळद एकाच जात्यावर दळलेली, एकाच वाटीत कालवलेली. त्याच्या नावानं ती वाजतगाजत बुरुजाकडं गेली, आणि मी पाटावर बसून वाटी परत यायची वाट बघत होते.

"न्हाय लागली. लई वाईट वाटलं होतं मला, दादा."

"मग तवा का बोलली न्हाईस?"

"मला कुणी विचारलं होतं?"

मांडवातल्या बायका कामाचं सोंग करून कान देऊन ऐकत होत्या. भावानं हळदीची वाटी उचलली आणि अनवाणीच बुरुजाकडं चालू लागला. आम्ही सगळ्या मागोमाग. दिवा त्यानंच लावला, लेकीला पुढं घेतलं आणि तिच्या हातून पानाला हळद लावली. जिंकलेली पोर हसेल असं मला वाटलं होतं, ती रडायलाच लागली.

मी मागं वळले, तर भावानं वाटी माझ्यापुढं धरलेली.

"तुझी राहिलीया की."

"नातवंडं झाली मला. लोक हसतील."

"हसू दे. लाव."

मी बोटं बुडवली. ते पान झिजून इतकं उथळ झालंय की हाताला जेमतेम लागतं. हा आमचा बुरूज, असं सोलापुरात जन्मभर सांगत आले होते. त्या पानाला हात मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा लावला.