आत्याबाईंच्या कानातली घंटा

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. गुडघे म्हातारे, पण जिद्द तरणीताठी! निजामाच्या राजवटीत एकदा त्या नवस बोलल्या. गाणगापुरात सात दिवस रोज पाच घरची माधुकरी मागायची, तीही स्वतःच्या पायांनी चालत, आणि त्या दिवशीची माधुकरी होईतोवर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. आळंदच्या कंपाउंडरनं गुडघ्यांसाठी अॅस्पिरिनच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, जेवून घ्या. ते बाईंनी कानाआड केलं. पहाटे तीर्थ, तीर्थाबरोबर गोळी. ठणका लागला की आणखी एक.

"औषधाला उपास लागत न्हाई," म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला. "अगं, घंटा वाजायलीय! तुला ऐकू येईना?"

मला कुठलं ऐकू येतंय? पण आम्ही उतरलो होतो त्या पुजाऱ्याच्या घरातल्या बायका पाया पडायला लागल्या, आणि आत्याबाईंनी खुशाल पाय पुढं केले. असा संताप आला! एवढ्या गाणगापुरात देवाला ह्यांचाच कान सापडला? पाणी मी भरायचं, गुडघे मी चोळायचे. खरं सांगते, हेवा वाटला.

पाचव्या दिवशी माधुकरी झाली आणि पोटात आगीचा डोंब उठला. दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी गोळ्या बघून विचारलं, "गोली खाली पेट लेते?" मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

"अम्मा, ये गोली पेट जलाती. जास्ती हुई तो कान बी बजाती," ते म्हणाले. गोळ्या बंद झाल्या, पोटाला पांढरं औषध मिळालं.

मला हसू आवरेना, आत्याबाईंचं मात्र तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी घंटा थांबली, गुडघे परत धरले. "देव मुका झाला गं. आता नवसबी बुडतोय," म्हणून त्या रडल्या. तेव्हा माझंही हसू मावळलं.

"माझा खांदा धरा की."

"पायानं चालायचं बोलले मी."

"मग पाय कुणाचे हायत? खांदा तेवढा माझा."

बाई खुदकन हसल्या. उरलेले दोन दिवस एकेका दारापुढं थांबत, कण्हत आणि मला शिव्या घालत त्यांनी काढले. सातव्या दिवशी पाचव्या घरची भाकरी झोळीत पडली, आणि देवळात दुपारची घंटा वाजली. आत्याबाईंनी माझा खांदा घट्ट आवळला.

"तुलाबी ऐकू यायलीय?"

"व्हय, आत्याबाई."

"मग हीच बरी," त्या म्हणाल्या आणि तिथंच ओट्यावर बसून अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली.