बोरम्याची वाट

संगणकावरच्या नमुन्याचा लहान कारखान्याला मोठ्याइतकाच उपयोग होतो का, हे मला तपासायचे होते. गरम काजूच्या सालीचा वास आला की ते उत्तर आठवते. कुडाळजवळच्या माझ्या मित्राच्या काजू कारखान्याचे सगळे काम मी संगणकावर हुबेहूब चालवून पाहिले. कोणाचेही काम जाणार नाही, असा शब्द त्याने आधीच दिला होता आणि त्याच्या भरवशावर मी साल सोलणाऱ्या बायकांनाही तसे सांगितले होते. नमुन्यात दोष स्वच्छ दिसला: गर वाळवण्याची भट्टी, म्हणजे बोरमा, अपुरा पडत होता आणि वाळलेला गर येईपर्यंत बायकांचे हात रिकामे राहत होते. मी दुसरा बोरमा सुचवला. पुढच्या खेपेला गेलो, तेव्हा बोरमा एकच होता आणि सोलणाऱ्यांचे निम्मे पाट रिकामे होते. सर्वांत जुनी सोलणारी फाटकाबाहेरच भेटली. "मास्तरांनू, तुमच्या कंप्युटरान आमका घराक धाडल्यान." मी मित्राला गाठले. "अरे, तुझ्याच पडद्यार दिसला मा, बायलो बसान असतत!" "बोरम्याची वाट बघत बसतत रे!" "बसतत मा? मग झाला!" म्हणत तो हसला. आज मोठ्या कारखान्यांत असे नमुने करायला शिकवताना मी तोच नमुना दाखवतो, कारण त्याचे उत्तर बरोबर होते. तुमच्या पडद्यावर रिकामा हात दिसला, तर तो कशाची वाट पाहतो आहे, हे कृपया स्वतः जाऊन पाहा.